शिट्टीच्या आधी

सफरचंदांचा लगदा झाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. अकरा वर्षांत अनसाबाईंच्या हातून फोड कधी फुटली नव्हती, आणि त्या दिवशी झाकण काढलं तर आत तपकिरी, गोड पिठलं. मी दोष गॅसला दिला. तुम्ही दोघांनी, रेवा आणि ईशान, समुद्रापलीकडे बसून दहा मिनिटांचा व्हिडिओ एकदा पाहिलात आणि जे ओळखलंत, ते मला अकरा वर्षं रोज समोर असून दिसलं नव्हतं. तो धक्का अजून ओसरलेला नाही. म्हणून हे पहिल्यापासून लिहून ठेवते आहे. तुम्हाला मराठी वाचायचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. तरी वाचा.

मी पुण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर आजोबा आणि मी मळवलीच्या बंगल्यात राहायला आलो, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी अनसाबाई गेटपाशी उभ्या होत्या. उंच, वाळक्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, कमरेला चाव्यांचा जुडगा, आणि पायांशी मोत्या नावाचा पांढरा कुत्रा. शेजारचे तीन बंगले त्या राखत होत्या. त्यांतल्या दोन बंगल्यांचे मालक एकच, मुंबईत राहणारे. त्यांच्याच एका बंगल्याच्या मागच्या खोलीत अनसाबाईंचा संसार होता. नवरा पूर्वीच गेलेला, मुलगी शिरगावला दिलेली. शनिवार-रविवारी पाहुणे आले की त्यांचा स्वयंपाकही त्याच करत.

मी त्यांना कामाबद्दल चार प्रश्न विचारायचं ठरवलं होतं. पण मुलाखत त्यांनीच घेतली.

"काम करीन," त्या म्हणाल्या, "पण माज्या तीन गोष्टी हायत. बोलायचं ते तोंडासमोर येऊन बोलायचं, लांबनं वरडायचं न्हाई. दुसरं, मी चालले की पाठीमागनं हाक मारायची न्हाई, अपशकुन हुतो. आन तिसरं, मोत्या माज्यासंगं येणार."

"स्वयंपाकघरात कुत्रा?"

"दारात बसंल. त्याला तुमच्या भाकरीचं काय पडलं न्हाई."

पहिल्या अटीत मला शिस्त दिसली, दुसरीत अंधश्रद्धा आणि तिसरीत हट्ट. तिन्ही ठिकाणी माझं चुकलं होतं.

त्यांचा आवाज मोठा होता. "बाई, कोथिंबीर संपली" हे वाक्य पार रेल्वे फाटकापर्यंत जायचं. आजोबा म्हणायचे, "आपल्या घरातलं काही गुप्त राहायचं असेल तर ते अनसाबाईंना कळता कामा नये." पण त्या चुगलखोर नव्हत्या. आमच्याकडचं दुसऱ्या बंगल्यात आणि तिकडचं आमच्याकडे त्यांनी कधी आणलं नाही. बटणांचा एक मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्या कनवटीला ठेवत, पण बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मुलीशी सगळा व्यवहार मिस्ड कॉलवर. एक म्हणजे बरं आहे, दोन म्हणजे ये. "बोलून काय वेगळं हुतंय?" त्या विचारत.

हात ठेवायची त्यांना सवय होती. पाण्याची मोटर सुरू केली की पाइपावर तळवा टेकून उभ्या राहत आणि थोड्या वेळाने सांगत, "चढलं पानी." फ्रिजवर हात, मिक्सरवर हात, गिरणीतून दळण आणलं की अजून कोमट असलेल्या पिठाच्या डब्यावर हात. मला ते वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखं वाटे आणि गंमत वाटे.

आणि मोत्या. गेटची कडी वाजली की मोत्याचे कान ताठ होत, आणि त्याचे कान ताठ झाले की अनसाबाई हातातलं काम टाकून उठत. मोत्या चालणार नाही त्या बंगल्याचं काम त्या घेतच नसत. एका भल्या गृहस्थांनी पगार वाढवून देतो म्हटलं, पण त्यांच्या पत्नीला कुत्र्याची शिसारी. अनसाबाई म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या. आमी दोगं मिळून एक माणूस हाय." आम्ही सगळे त्यावर मनापासून हसलो होतो.

पावसाळ्यात भुशी धरणावर जाणारी गर्दी मळवलीपर्यंत सांडते. अशाच एका रविवारी शेजारच्या बंगल्यात पाहुण्यांनी एवढे मोठे स्पीकर लावले की आमच्या खिडकीची तावदानं थरथरू लागली. मी छत्री घेऊन तक्रार करायला निघाले. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि आत अनसाबाई उशाला हात घेऊन गाढ झोपल्या होत्या. भिंतीपलीकडे तो गोंगाट. संध्याकाळी मी विचारलं, "तुम्हाला झोप तरी कशी लागते हो?"

"सवय झालीया," त्या म्हणाल्या, आणि हसून भांडी विसळायला लागल्या.

आता सफरचंदांकडे येते. पहिल्या वर्षी तुमच्या बाबाने सफरचंदांची पेटी आणली होती. ती पाहून अनसाबाईंचा चेहरा उतरला. "कोण आजारी हाय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. मावळात त्यांच्या माणसांत सफरचंद दवाखान्यात जाणाऱ्याच्या पिशवीतच दिसतं. कोणी आजारी नाही, नुसतं खायला आणलंय, यावर त्यांचा विश्वास बसायला दोन दिवस लागले. तेवढ्यात, रेवा, तुला सर्दी-ताप झालाच. चार वर्षांची होतीस, थंडीचे दिवस होते आणि तोंडात काही घेत नव्हतीस. "बगा, पेटी उगं येत न्हाई," असं म्हणून अनसाबाईंनी पदर खोचला.

चार सफरचंदं. साल काढायची नाही, बिया काढायच्या, एकाच्या चारच फोडी. चमचाभर तूप कुकरमध्येच घालायचं, त्यात दालचिनीचा बोटाएवढा तुकडा, चार लवंगा, दोन वेलदोडे ठेचून. वास सुटला की फोडी, मुठीत मावेल एवढा गूळ, मिठाची चिमूट, अर्ध्या लिंबाचा रस आणि जेमतेम अर्धी वाटी पाणी. झाकण, मध्यम आच. ही कृती एका पूर्वीच्या बंगल्यातल्या बिनदातांच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना शिकवली होती. फोडी अखंड राहत, पण चमचा लावला की लोण्यासारख्या कापल्या जात. रेवाने वाटीभर खाल्लं आणि रिकामी वाटी पुढे केली. तेव्हापासून दर डिसेंबरात तुम्ही आलात की गेटमधून आत येतानाच ओरडायचात, "मावशी, सफरचंद." त्या तुमच्या तोंडाकडे बघून म्हणायच्या, "पयले चपला काडा."

माझी पाककृतींची वही तुम्ही पाहिली आहे. साहित्य, कृती, वेळ, शिट्ट्या, असे चार रकाने. मी पेन घेऊन ओट्याशी उभी राहिले.

"शिट्ट्या किती, अनसाबाई?"

"शिट्टी न्हाईच."

"म्हणजे?"

"शिट्टीच्या आदी बंद करायचा. शिट्टी झाली की फळ मेलं."

"पण आधी म्हणजे कधी? किती मिनिटांनी?"

त्यांनी कुकरच्या मुठीवर दोन बोटं टेकवली. "हितं हात लावून बगा. आदी खदखदतं. मग मुंग्या येत्यात. मुंग्या आल्या की बंद."

मी बोटं टेकवली. मला गरम मूठ लागली, बाकी काही नाही. "हे वहीत कसं लिहू?"

"लिवू नका. खावा."

तो रकाना अकरा वर्षं कोरा राहिला. डाळ, भात, कडधान्यं, सगळ्याला त्या मुठीवर बोटं ठेवूनच उभ्या राहत, हे मी पाहत होते. बघणं आणि कळणं यात किती अंतर असतं, हे ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या बाईला तरी माहीत असायला हवं होतं.

मागच्या डिसेंबरात तुम्ही येऊ शकला नाहीत. तिकडे बर्फ पडला आणि रेवाचा मेसेज आला, मावशींची सफरचंदं कशी करायची ते नीट दाखव. मी व्हिडिओ करायचं ठरवलं. ओटा आवरला, साहित्य वाट्यांमध्ये ओळीने मांडलं, अनसाबाईंना इस्त्रीचं लुगडं नेसायला लावलं. झाकण लागलं आणि त्यांनी सवयीने मुठीवर बोटं ठेवली.

"हात काढा," मी फोनच्या मागून म्हटलं, मग पुढे होऊन खुणेनेही सांगितलं. "कुकर झाकला जातोय. आणि तिकडे नका बघू, माझ्याकडे बघून बोला. मुलांना तुम्ही दिसायला हव्यात."

त्या क्षणभर घुटमळल्या. मला वाटलं, लाजल्या. मग लवंगांबद्दल बोलू लागल्या: लवंग फुलाची घ्यावी, फूल गळलेली घेऊ नये. कुकरने पहिली शिट्टी दिली. त्या बोलत होत्या. मी मधे बोलले असते तर माझा आवाज व्हिडिओत आला असता, म्हणून गप्प राहिले. आज बेत वेगळा असेल, त्यांना कळतं, असं मनाशी म्हटलं. दुसरी शिट्टी झाली. "तुमच्या तिकडं लवंग मिळती का रं पोरांनो?" त्या तुम्हाला विचारत होत्या. तिसऱ्या शिट्टीला दारातला मोत्या उठून उभा राहिला. त्यांनी मोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी नजर कुकरकडे गेली होती. त्या झटकन वळल्या आणि गॅस बंद केला.

झाकण निघालं तेव्हा त्या बराच वेळ आत बघत राहिल्या. "गॅस मोठा हुता, बाई," त्या म्हणाल्या.

मी व्हिडिओ तुम्हाला पाठवला. आणि कौतुकाच्या भरात आमच्या बंगलेवाल्यांच्या ग्रुपवरही टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या अनसाबाईंची खासियत.'

सकाळी रेवाचा मेसेज होता. 'आजी, मावशींना शिट्टी ऐकू येत नाही का? त्या मोत्याकडे बघतात आणि मग गॅस बंद करतात.'

मी व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा. एकदा आवाज बंद करून पाहिला, तेव्हा कळलं. कारण आवाज बंद केल्यावर अनसाबाईंच्या वागण्यात काहीच चुकीचं दिसत नव्हतं. तोंडासमोर बोला. मागून हाक नको. मोत्या. मिस्ड कॉल. स्पीकरच्या पलीकडची झोप. अकरा वर्षांची एकेक गोष्ट पुस्तकासारखी माझ्यापुढे येऊन पडू लागली आणि प्रत्येक चुकीच्या कपाटात ठेवलेली निघाली.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. त्यांच्या खोलीकडे गेले. त्या पायरीवर पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. मी दहा पावलांवरून हाक मारली. "अनसाबाई." मग मोठ्याने. मग अगदी ओरडून. तांदळातली बोटं चालू होती. मोत्याने मान वळवली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मागे वळल्या. माझा चेहरा पाहिला आणि सूप खाली ठेवलं.

"पाठीमागनं हाक मारलीत न्हवं?" त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "किती वर्षं?"

"पोरीच्या बाळंतपणात ताप आलता. मग उतरत उतरत गेलं. तुमच्याकडं आले तवा डाव्या कानाला वाईच हुतं. आता न्हाई."

"मशीन मिळतं. डॉक्टर आहेत लोणावळ्यात."

"पोरीनं आणलं हुतं. डब्यात हाय. त्यात नुसता कालवा येतो, माणूस येत न्हाई."

"मला सांगायचं तरी, अनसाबाई."

"सांगितलं असतं तर तुमी माज्याशी लय चांगलं वागला असता," त्या म्हणाल्या. "मला काम पायजे हुतं. भइरी बाई बंगला राखती म्हटल्यावर कोण ठिवणार?"

मी म्हटलं, मी तरी ठेवलं असतं. त्या हसल्या. खवचटपणे नाही, पण हसल्या.

"पयल्या वर्षी तुमची भन आलती. झोपाळ्यावर बसून तिला काय म्हनाला हुता? कपाटाची चावी हिच्या हाताला लागू देऊ नकोस म्हनून."

आमचा झोपाळा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये अख्खं अंगण आहे आणि बंद काच आहे. तिथून कोणालाही काही ऐकू जाणं शक्य नाही.

"काचेतनं दिसतं की," अनसाबाई म्हणाल्या. "तोंड दिसलं की झालं."

अकरा वर्षं. तेवढी वर्षं ते वाक्य मनात ठेवून त्यांनी माझ्या नातवंडांना सफरचंदं भरवली होती. त्यांनी सूप उचललं.

"तुमाला कळलं ते कळलं. मालकांना सांगू नका. ही खोली त्यांची हाय."

मी शब्द दिला. तो संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. ग्रुपवर तोवर कोणीतरी लिहिलं होतं, 'तीन शिट्ट्या झाल्या, बाईंना पत्ताच नाही,' आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. सहा वाजता त्या दोन बंगल्यांच्या मालकांचा फोन आला. सभ्य माणूस आहे. त्यांनी सरळ विचारलं, "त्यांना ऐकू येत नाही का?" येतं, एवढा एकच शब्द मला म्हणायचा होता. मी तोंड उघडलं आणि तो शब्द बाहेर आला नाही. फोनवरची ती शांतता त्यांनी बरोबर ऐकली. "वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण गॅस, वीज, परके पाहुणे, जबाबदारी शेवटी आमच्यावर येते." महिनाअखेर खोली रिकामी करायची. तिसऱ्या बंगल्यानेही दोन दिवसांत दुसरी बाई पाहिली. मी दोघांनाही पुन्हा फोन केले. अकरा वर्षांत एक भांडं जळलं नाही, एक कुलूप उघडं राहिलं नाही, असं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. निर्णय बदलला नाही.

अनसाबाईंना सांगायला गेले, तर त्या चाव्या वेगवेगळ्या करत बसल्या होत्या. "तुमी दारातनं आत आला तवाच कळलं," त्या म्हणाल्या. आमच्याकडची वरची खोली घ्या, असं मी म्हटलं. हळू, एकेक शब्द सुटा करून, तोंड मोठं करून म्हटलं.

"तोंड येवढं वासू नका, बाई. काय कळत न्हाई."

मी नेहमीसारखं पुन्हा सांगितलं.

"न्हाई. आता तुमी रोज असंच बोलनार," त्या म्हणाल्या. "काल परवापतूर आपन दोगी भांडत हुतो, कोथिंबिरीवरनं. आता तुमी भांडायच्या न्हाई." मग माझ्या हातात आमच्या घराची चावी ठेवली. कपाटाची चावी तिला लावलेली होती. मीच कधीतरी, पाचव्या-सहाव्या वर्षी, सोयीसाठी दिलेली. मला ते आठवतही नव्हतं.

महिनाअखेरीपर्यंत त्या कामाला आल्या. शेवटच्या दिवशी मी सफरचंदं आणली आणि गॅसपाशी त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी माझी बोटं धरून मुठीवर ठेवली. आधी खदखद. मग काही तरी बारीक, दाट, मनगटापर्यंत चढणारं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि मी गॅस बंद केला. शिट्टी झाली नाही. वहीतल्या चौथ्या रकान्यात मी आता 'मुंग्या' असं लिहिलं आहे. तुम्हीही तसंच करा, घड्याळ लावू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई छोटा टेम्पो घेऊन आला. त्या निघाल्या तेव्हा मी घरात नव्हते. लोणावळ्याला कानाच्या डॉक्टरांकडे चौकशीला गेले होते. कोणाला विचारून गेले नव्हते, कोणी सांगितलं नव्हतं. परत येताना रेल्वे फाटक लागलेलं होतं आणि माझ्या रिक्षापुढे टेम्पो उभा होता. मागच्या बाजूला गाठोडी, पत्र्याची पेटी, आणि त्यांच्यामध्ये माझ्याकडे पाठ करून बसलेल्या अनसाबाई. मांडीशी मोत्या.

मी रिक्षातून उतरले. जाणाऱ्या माणसाला मागून हाक मारायची नसते, आणि मारून उपयोगही नव्हता. मी हाक मारली, "मोत्या."

त्याचे कान ताठ झाले. अनसाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि वळल्या.

तेवढ्यात मालगाडी आली. एवढ्या जवळून ती जाते तेव्हा माणसाला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. मी नेहमीसारखं, तोंड न वासता म्हटलं, "माझं चुकलं, अनसाबाई." त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. सगळं बोलून होईपर्यंत त्यांनी ती हलवली नाही. मग त्या काही बोलल्या. डबे खडखडत होते, शब्द एकही पोचला नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या नुसत्या तोंडाकडे बघून वाचलं.

"गॅस मोठा हुता, बाई."

फाटक उघडलं. टेम्पो रुळांवरून धडधडत पलीकडे उतरला. त्यांचा एक हात मोत्याच्या पाठीवर होता आणि दुसरा टेम्पोच्या पत्र्यावर, तळवा टेकलेला.